रिकामी समजलेली डिस्क

माणसाने पृथ्वीवर आल्यापासून खऱ्या अर्थाने एकच मोठं काम केलं, ते म्हणजे वस्तूंना नावं देण्याचं. आग, चाक, शेती ही त्यानंतरची किरकोळ दुरुस्तीची कामं. ज्याला नाव नाही ते नाहीच, आणि ज्याचं नाव चुकलं ते असून नसल्यासारखं. हा सिद्धांत त्याचा स्वतःचा होता. दातांच्या रुग्णालयात नव्याने लागलेल्या मंडळींना संगणकाची तोंडओळख करून देताना, वर्षातून एकदा, चहाच्या सुट्टीआधीच्या वीस मिनिटांत तो हा सिद्धांत मांडत असे. श्रोते साधारण सात असत. त्यांतले चार सभागृहात गारवा असतो म्हणून येत, दोघे खोली चुकून येत, आणि उरलेली एक व्यक्ती शेवटी हात वर करून विचारी, की प्रिंटरमध्ये कागद अडकला तर कोणाला सांगायचं. त्यालाच सांगायचं असे. नऊ वर्षांत या सिद्धांताला कोणी आव्हान दिलं नव्हतं, आणि त्यामुळे तो सिद्ध झालेला आहे असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तळघरातल्या आपल्या खोलीत बसून तो काळ्या पडद्यावरची एक ओळ तिसऱ्यांदा वाचत होता. ओळ अगदी नम्र होती. 'सी' या डिस्कवर आधीपासून काहीतरी आहे, असं यंत्र म्हणत होतं. ती शेवटची जोडली गेली सात महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी. तरीही ती पुसून नव्याने फॉरमॅट करायची का? हो असेल तर वाय, नसेल तर एन. आता सी ही डिस्क त्याने तासाभरापूर्वी स्वतः तयार केली होती, कोरी करकरीत. तासापूर्वी जन्मलेल्या वस्तूच्या नशिबी सात महिन्यांपूर्वीचा मंगळवार असण्याचं काही कारण नव्हतं. पण हे सगळं त्याच्या लक्षात येईपर्यंत उजव्या हाताच्या तर्जनीने वाय दाबून टाकला होता. त्याने दाबला असं म्हणणं अन्यायाचं होईल, बोटाने दाबला. सव्वीस वर्षं यंत्रं त्याला 'नक्की ना?' असं विचारत आली होती, आणि सव्वीस वर्षं हे बोट डोक्याला तसदी न देता परस्पर उत्तर देत आलं होतं. पडद्यावर तो वाय एकटा उभा होता, त्याच्या शेजारी एक पांढरा चौकोन उघडझाप करत होता, आणि उजव्या हाताची करंगळी एंटरच्या बटणावर टेकलेली होती. टेकलेली, दाबलेली नव्हे. बटण किंचित खाली गेलं होतं की नाही हे त्याला सांगता आलं नसतं. त्याला एवढंच कळत होतं की आपल्याला करंगळी आहे. एरवी दिवसचे दिवस ही गोष्ट त्याच्या ध्यानात नसे.

वरच्या मजल्यावर रुग्णालय होतं आणि खाली तळघरात तो होता, आणि त्याच्या पाठीमागे लोखंडी कपाटात एक गुरगुरणारं यंत्र होतं. खरं यंत्र तेवढं एकच. त्याच्या आत चौदा यंत्रं राहत होती, जी नव्हती. म्हणजे कामापुरती होती. त्यांना स्वतंत्र पत्ते होते, स्वभाव होते, त्यातली दोन तर आजारीसुद्धा पडत. पण कपाट उघडून बघितलं तर एकही सापडलं नसतं. त्यांच्या डिस्कही तशाच. मोठ्या यंत्राच्या पोटातली एक लांबलचक फाइल 'मी डिस्क आहे' असं सोंग आणते, आणि यंत्राचं सोंग घेतलेलं यंत्र त्या सोंगावर विश्वास ठेवतं. हे त्याने एकदा बायकोला समजावून सांगितलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की म्हणजे तुमच्या ऑफिसात आणि माझ्या ऑफिसात फारसा फरक नाही. पण या सगळ्या सोंगांच्या तळाशी जे होतं ते मात्र सोंग नव्हतं. तिथे जबडे होते. अकरा वर्षांत ज्यांनी ज्यांनी वर येऊन तोंडात ती टोचणारी पट्टी धरली आणि 'हलू नका' हे ऐकून हमखास थोडं हलले, त्या चाळीस हजार माणसांच्या जबड्यांचे एक्स-रे. त्यात त्याचा स्वतःचा एक होता. बायकोच्या अक्कलदाढेचे तीन होते. आणि वडिलांचा एक होता, ज्यात दात दोनच होते पण फोटो पूर्ण आकाराचा काढला होता.

सकाळी साडेनऊला या जबड्यांची जागा संपली होती. वरचं एक्स-रे यंत्र 'जागा नाही' असं म्हणून स्वस्थ बसलं. त्याने मग शांतपणे नवीन डिस्क तयार केली, जुन्या डिस्कइतकीच मोठी, अगदी बरोबर तेवढीच, का तर दोन्ही एकसारख्या असल्या म्हणजे दिसायला बरं दिसतं. ती चौदांपैकी एक्स-रे सांभाळणाऱ्या यंत्राला जोडली. यंत्राला ती दिसेना, म्हणून त्याने यंत्र बंद करून चालू केलं, आणि चूक झाली असेल तर ती इथे झाली. हे यंत्र झोपेतून उठलं की आधी हजेरी घेतं. जी डिस्क पहिल्यांदा ओ देईल ती ए, तिच्यानंतरची बी, मग सी. हीच त्यांची नावं. उद्या पुन्हा उठलं की पुन्हा हजेरी, आणि एखादी डिस्क कुठे नव्या जागी जोडली गेली असली तर ती मधेच घुसून ओ देते आणि तिच्यामागच्या सगळ्यांची नावं एकेक घर पुढे सरकतात. आतापर्यंत ए म्हणजे यंत्राचं स्वतःचं सामान आणि बी म्हणजे जबडे असा रिवाज होता. नवी येईल ती सी. आलेली दिसत होती बरोबर तीन अक्षरं, ए, बी, सी. फक्त नव्या पोरीने थोरलीच्या आधी ओ दिली होती. बी ही नवी होती, रिकामी. आणि सी म्हणजे अकरा वर्षांचे जबडे.

ही अक्षरं म्हणजे नावं नव्हेत, हे जगात कोणाला माहीत असेल तर ते त्याला. तोच तर दर वर्षी सांगत असे. अक्षर म्हणजे रांगेतली जागा. रांग मोडली की जागा गेली. खरं नाव वेगळंच असतं, डिस्क पहिल्यांदा आखतात तेव्हाच तिच्यात कोरलेलं, छत्तीस खुणांचं, आकडे आणि अक्षरं आणि मधे आडव्या रेघा, ज्याचा उच्चार कोणालाही करता येत नाही आणि जे दुसऱ्या कोणाचंही नसतं. कुठलीही डिस्क कुठे जोडायची ते यंत्राला लिहून देताना हे लांब नाव लिहावं, अक्षर लिहू नये, असं तो फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारत असे. आणि जबड्यांच्या डिस्कसाठी त्याने स्वतः, अकरा वर्षांपूर्वी, यंत्राला लिहून दिलं होतं: बी. कारण तेव्हा डिस्क दोनच होत्या, आणि दोघींत गोंधळ तो काय होणार. नंतर बदलू म्हणून ठेवलं होतं. नंतर या शब्दात किती वर्षं मावतात याचा त्याला अंदाज नव्हता असं नाही. त्याच्या घरात 'नंतर लावू' म्हणून भिंतीशी टेकवून ठेवलेला एक आरसा होता, ज्यात गेली सहा वर्षं फक्त गुडघे दिसत.

फोन वाजला. उजवा हात हलवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने डाव्या हाताने, पाठीला पीळ देऊन, तो उचलला. काउंटरवरच्या ताई होत्या. त्यांनी विचारलं की काका, अजून किती वेळ, आणि आता तर जुने फोटोसुद्धा दिसेनासे झालेत, डॉक्टरबाईंच्या पडद्यावर सगळीकडे शून्य येतंय. त्याने दहा मिनिटं असं सांगितलं. त्याच्या धंद्यात दहा मिनिटं हे कालमापन नसून एक प्रकारचं अभिवादन आहे. ताईंना हे ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "काका, तुमची दहा मिनिटं नकोत, घड्याळातली सांगा. शिंपीकाका खुर्चीत बसलेत. बाईंना त्यांचे मागचे सगळे फोटो शेजारी ठेवून बघायचेत." त्याने बरं म्हटलं आणि फोन मांडीवर ठेवला, कारण जागेवर ठेवायला हात पोचत नव्हता.

शिंपी त्याला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी बाईंचा पडदा फिका दिसतो म्हणून तो वर गेला होता, तेव्हा बाईंनी त्याला उभं करून शिंप्याच्या जबड्याचे फोटो दाखवले होते. रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. उंचीने त्या त्याच्या खांद्याला लागत. फोटोत डाव्या बाजूला, शेवटच्या दाढेच्या मुळाशी, एक काळसर डाग. दर सहा महिन्यांनी एक फोटो. बाई म्हणाल्या होत्या, हा डाग आहे तेवढाच राहिला तर माणसाला काही होत नाही, वाढला तर कापावं लागतं. आणि वाढला का हे आजच्या फोटोत दिसत नाही, मागच्या सगळ्यांच्या शेजारी ठेवला तरच दिसतं, म्हणून तुमचा हा पडदा फिका असून चालणार नाही. तेव्हा तो पडदा दुरुस्त करून खाली आला होता आणि त्याला बरं वाटलं होतं. आता त्याला दिसत होतं ते असं, की वर एक माणूस तोंड उघडून बसला आहे, त्याच्या जबड्याचा सगळा भूतकाळ सी या अक्षराखाली ठेवलेला आहे, आणि त्यावर आपली करंगळी आहे. बॅकअपचा विचार त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता. बॅकअप म्हणजे रोजच्या रोज दुसरीकडे काढून ठेवायची नक्कल. ती तो गेले चार महिने काढत नव्हता. जागा भरत आली म्हणून जुनी नक्कलही पुसून टाकली होती. नवी डिस्क आली की सुरू करू, असं त्याने स्वतःशी ठरवलं होतं. नवी डिस्क आज आली होती.

त्याला घाम आला नाही. कादंबऱ्यांत येतो तसा घाम आपल्याला कधीच का येत नाही, याचं त्याला लहानपणापासून कोडं होतं. कानाच्या पाळ्या तेवढ्या गार पडल्या. कपाटातल्या यंत्राची गुरगुर एरवी ऐकू येत नसे, ती आता ऐकू यायला लागली, आणि त्या गुरगुरीत मधे मधे एक बारीक खरखर आहे हेही. भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावर तपासणीची तारीख होती, ती उलटून गेलेली होती. सात महिन्यांपूर्वीचा मंगळवार, आठ वाजून चार मिनिटं. तो मंगळवार त्याला स्वच्छ आठवत होता. त्या दिवशी त्याने हे यंत्र घरूनच, एका पायात मोजा चढवता चढवता, बंद करून चालू केलं होतं, कारण त्याला घाई होती. त्याला थोरल्या भावाकडे जाऊन वडिलांना आणायचं होतं. थोरल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि वडिलांचे गुडघे त्याआधीच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर थांबले होते.

वडील अठ्ठ्याऐंशीचे. प्रकृती उत्तम, फक्त माणसं थोडी सैल झालेली. घरात तीन भाऊ, आणि तिघांना जन्मापासून जी नावं होती ती कागदोपत्रीच. हाका थोरल्या, मधल्या आणि धाकट्या अशाच मारल्या गेल्या. तो मधला. मधला म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी असतं आणि ज्याचे कपडे कधीच नवे नसतात. वडील राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं, की सकाळी चहा घेऊन खोलीत जाणाऱ्या माणसाला ते थोरल्या म्हणतात. चहा तोच नेत असे. त्याने सांगितलं, मी मधला. वडील म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोरला. मग पद्धत ध्यानात आली. वडील झोपेतून उठले की जो पहिल्यांदा दिसेल तो थोरला, नंतर येईल तो मधला, आणि तिसरा आला तर तो धाकटा, मग तो कोणी का असेना. एकदा गॅसवाला तिसरा आला, त्यालाही धाकट्या म्हणून अभ्यासाचं विचारलं. धाकटा भाऊ परदेशी असे आणि फोनवर तोंड दाखवत असे. त्याची गणती वडील कशातच करत नसत. धाकट्याला याची फार गंमत वाटे. "मला वेटिंगवर ठेवलंय," असं तो सगळ्यांना सांगे.

थोरल्याला मात्र गंमत वाटली नाही. तो रविवारी दुपारी यायचा, म्हणजे दुसरा. वडील त्याला हसून म्हणायचे, ये मधल्या, बस. थोरला त्रेसष्ट वर्षांचा होता, चाळीस माणसं त्याच्या हाताखाली काम करून निवृत्त झाली होती, आणि तो दारात एक चप्पल काढून, एक पायात ठेवून, तसाच उभा राही. मग स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात विचारी, की तू त्यांना सांगत का नाहीस. मधला म्हणे, रोज सांगतो की. त्याची बायको तिथेच भाजी चिरत असे. तिच्या सुरीचा आवाज क्षणभर थांबे. कारण तो सांगत नव्हता. पहिले तीन आठवडे सांगितलं. मग एका सकाळी वडिलांनी 'कोण, थोरला का?' असं विचारलं, चहा सांडायच्या बेतात होता, आणि त्याच्या तोंडून हो निघून गेलं. त्या 'हो'मुळे काहीच बिघडलं नाही. उलट वडिलांनी चहाचा घोट घेऊन त्याला जवळ बसवलं आणि बँकेतला माणूस नीट वागत नाही, याबद्दल त्याचा सल्ला विचारला. सल्ला. अठ्ठावन्न वर्षांत वडील त्याच्याशी फक्त आज्ञार्थी वाक्यं बोलले होते: दिवा बंद कर, दार लाव, आवाज कमी कर. थोरल्याशी ते विचारविनिमय करत असत, आणि बाहेरच्या खोलीत चाललेला तो विचारविनिमय त्याने आयुष्यभर भिंतीपलीकडून, एका सुरात, शब्द न कळता ऐकला होता. आता शब्द कळत होते. खास काही नव्हते. बहुतेक पोटाविषयी होते. तरी सकाळी गजर व्हायच्या आधी तो उठू लागला. बायकोने चहा न्यायला घेतला तर 'राहू दे, मी नेतो' म्हणू लागला. माणूस वडिलांची किती सेवा करतो, असं शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि ते त्याने नम्रपणे ऐकून घेतलं.

आज सकाळीही असंच. चहा, दोन बिस्किटं, खिडकी उघडी. वडील म्हणाले, "थोरल्या, मधल्याकडे जरा लक्ष ठेव." त्याने विचारलं, का, काय झालं. "झालं काही नाही. हुशार आहे, पण त्याचं एकदा बघितलं की झालं. दुसऱ्यांदा बघत नाही. शाळेतसुद्धा पेपर तासभर आधी देऊन घरी यायचा." मग बिस्कीट चहात बुडवून, ते तुटायच्या आत तोंडात घालून, त्यांनी आणखी सांगितलं, "त्याला बोलू नकोस. मनाला लावून घेतो." तो म्हणाला, नाही बोलणार. आणि मग कप घेऊन उठला, बेसिनपाशी आला आणि बराच वेळ कप धूत राहिला. जे भिंतीपलीकडून ऐकू येत नव्हतं, ते हे होतं. अठ्ठावन्न वर्षं त्याला वाटलं होतं की तिथे कुठल्यातरी मोठ्या गोष्टी चालतात. तिथे त्याच्याबद्दल काळजी चालली होती, आणि तो ती आज दुसऱ्याच्या जागेवर बसून ऐकून आला होता; दुसऱ्याचं पत्र चुकून उघडावं आणि आत आपलाच मजकूर निघावा तशी.

कामावर येताना त्याने मनाशी ठरवलं होतं की आज प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची. आणि ठरवल्याप्रमाणे त्याने बघितली. यंत्र चालू झाल्यावर त्याने डिस्कची यादी काढली: ए, बी, सी. तिसरी सी आहे ना? आहे. पुन्हा बघितलं: आहे. आज्ञा टाइप केली, तिच्यात सी आहे ना? आहे. पुन्हा वाचलं: आहे. आयुष्यात कधी नव्हे ती त्याने इतकी सावधगिरी बाळगली होती, आणि ती सगळी अक्षरावर खर्च झाली. अक्षर बरोबर होतं. त्या अक्षरामागे कोण बसलं आहे, हे एकदाही बघितलं नव्हतं.

आता एवढंच राहिलं होतं की करंगळी उचलायची. वाचणाऱ्याला हे सोपं वाटेल. पण जी वस्तू आपण इतका वेळ न हलवण्याचा प्रयत्न करत असतो, तिला हलवताना ती नेमकी कुठल्या दिशेला जाईल, याचा भरवसा राहत नाही. शेवटी त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सबंध हात, भांडं उचलावं तसा, सरळ वर उचलला. तो हात त्याने मांडीवर, फोनशेजारी ठेवला. मग डाव्या हाताच्या एका बोटाने वाय पुसला, एन शोधला, तो उजव्या बाजूला असल्यामुळे शोधायला वेळ लागला, आणि तो दाबून एंटर दाबलं. यंत्राने काही म्हटलं नाही. खालच्या ओळीत पुन्हा चौकोन उघडझाप करू लागला, जसं काही मधे काही झालंच नव्हतं. आणि यंत्रापुरतं बोलायचं तर झालंही नव्हतं.

फोन जागेवर ठेवून पुढचं काम त्याने नवशिक्यासारखं केलं. दोन्ही डिस्क आतून उघडून बघितल्या, एकीत काही नव्हतं, दुसरीत जबडे होते. जबड्यांच्या डिस्कचं छत्तीस खुणांचं नाव कागदावर पेनाने उतरवलं, पडद्याला फूटपट्टी लावून एकेक खूण पुन्हा ताडून पाहिली, आठव्या खुणेला चूक सापडली, ती सुधारली. यंत्राला अकरा वर्षांपूर्वी लिहून दिलेला बी खोडला आणि त्या जागी ते लांब, कोणालाच उच्चारता न येणारं नाव लिहिलं. मग नवी डिस्क फॉरमॅट केली. तिच्याबद्दल यंत्राने काहीच विचारलं नाही. रिकाम्या डिस्कला यंत्र काही विचारत नाही, हे त्याला माहीत होतं, पण त्याकडे त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. दहा मिनिटांनी, घड्याळातल्या, ताईंचा फोन आला की दिसतायत सगळे, शिंपीकाकांचेपण, थँक्यू काका. त्याने नक्कल काढायचं काम सुरू करून दिलं. चाळीस हजार जबडे एकामागून एक दुसरीकडे जाऊ लागले. आणि तो खुर्चीत मागे टेकला.

काहीही झालेलं नव्हतं. हे त्याने स्वतःला दोनतीन वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं. कोणाला काही कळलं नव्हतं, कळायला जागाच नव्हती; एका वायची आणि एका एनची नोंद कुठेच राहत नाही. पुढच्या महिन्यात इथली यंत्रं बाहेरच्या एका कंपनीकडे सोपवायची की त्याच्याकडेच ठेवायची, हे मोठ्या बाई ठरवणार होत्या, आणि गेल्याच बैठकीत तो सगळ्यांसमोर म्हणाला होता की इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही बाइट गेलेला नाही. ते वाक्य आत्ताही खरंच होतं. त्याला कोणीतरी काहीतरी समजत होतं, आणि त्याने फक्त गप्प राहायचं होतं. चहाचा कप घेऊन खोलीत जावं, इतकं ते सोपं होतं. ही उपमा त्याला मनापासून आवडली नाही. उद्या सकाळी वडिलांना सांगायचं, मी मधला, असं त्याने ठरवलं. ते बरं म्हणतील, परवा पुन्हा विचारतील, परवाही सांगायचं. त्यात काही मोठेपणा नव्हता. मग थोड्या वेळाने तो उठला. लांब नाव उतरवलेल्या कागदाची घडी करून खिशात घातली, काढली, पुन्हा टेबलावर ठेवली, आणि जिना चढून वर गेला.

मोठ्या बाई शिंप्याच्या तोंडात वाकलेल्या होत्या. पडद्यावर पंधरा जबडे एकाशेजारी एक मांडलेले होते, काळसर डाग पंधराही ठिकाणी होता, आणि तो सगळीकडे तेवढाच होता, असं बाई त्या वेळी शिंप्याला सांगत होत्या. दाढ फक्त साफ करायची आहे. शिंप्याला हे सगळं ऐकून काही बोलायचं असावं, पण त्याच्या ओठांत दोन नळ्या आणि बाईंची तीन बोटं होती. त्याने दारापाशीच उभं राहून घसा साफ केला. बाईंनी वर न बघता बोला असं म्हटलं. मग त्याने सांगितलं. अक्षरांचं, हजेरीचं, छत्तीस खुणांचं सगळं क्रमाने सांगायचं त्याने ठरवलं होतं, पण प्रत्यक्षात तोंडून फारच थोडं निघालं: सकाळी मी तुमचे सगळे फोटो पुसायला निघालो होतो. चुकीच्या डिस्कवर. हो म्हणून झालं होतं, फक्त शेवटचं बटण राहिलं. आणि चार महिने नक्कल काढलेली नव्हती, जुनीही पुसलेली होती, म्हणजे गेले असते ते गेलेच असते. यंत्राने विचारलं म्हणून वाचलं. मी बघितलं नव्हतं.

शिंप्याचे डोळे खुर्चीतून त्याच्याकडे वळले. मान हलवता येत नसल्यामुळे फक्त डोळे, अगदी कोपऱ्यापर्यंत. बाईंच्या हातातलं घरघरणारं यंत्र थांबलं.

"गेलंय का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नक्कल?"

"सुरू केलीय. दुपारपर्यंत होईल." मग त्याने दुरुस्ती केली. "चार वाजेपर्यंत. घड्याळातले."

 बाईंनी पडद्यावरच्या पंधरा जबड्यांकडे एकदा डावीकडून उजवीकडे बघितलं. चार महिने बंद होती हे वाईट आहे, असं त्या म्हणाल्या. हे मला लिहून द्या, एका पानात, मला कळेल असं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार तेही. बैठकीत ते मी सगळ्यांना वाचून दाखवणार. तो हो म्हणाला. हे हो त्याने थोडं थांबून म्हटलं. शिंप्याने घशातून एक आवाज काढला, तो रागाचा होता की सुटकेचा, हे नळ्यांमुळे कळायला मार्ग नव्हता. आणखी काही विचारलं जाईल म्हणून तो तिथेच उभा राहिला. सव्वीस वर्षं जे कोणाला सांगावं लागलं नव्हतं ते त्याने सांगितलं होतं, आणि त्यानंतर माणसाने नेमकं कुठे बघायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. बाई पुन्हा तोंडात वाकल्या, आत डोकावल्या, मान तिरकी केली, आणि वर न बघताच म्हणाल्या,

"तुम्ही उभेच आहात, तर तो दिवा जरा खाली ओढा."